दोन मुलं, एक आजी आणि पाच दिवसांची दिल्ली

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकहून तुम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी आणि गुडघ्यांचा त्रास असलेल्या सासूबाई असे पाच जण दिल्लीला निघणार. हातात पाच दिवस आहेत. यजमानांनी वीसेक ठिकाणांची यादी केली आहे. दिवाळीच्या सुट्टीत जावं की फेब्रुवारीत शाळा बुडवून, राहावं कुठे, आग्रा त्यातच बसवावं का, आणि मुलं कंटाळणार नाहीत यासाठी काय करावं, हे तुम्ही विचारलं आहे. मराठी कुटुंबांना दिल्ली-आग्रा दाखवणं हे माझं बरीच वर्षं चाललेलं काम आहे, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

आधी तारखा, कारण दिल्लीत निम्मं यश तारखेवर असतं. महाराष्ट्रातल्या शाळांच्या दोन मोठ्या सुट्ट्या नेमक्या दिल्लीच्या दोन वाईट ऋतूंवर येतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि लाल किल्ल्याचं अंगण दुपारी तव्यासारखं तापतं. दिवाळीच्या आगेमागे पंजाब-हरियाणातल्या पेंढ्याचा धूर, गाड्यांचा धूर आणि फटाके असं सगळं एकदम येतं. वारा पडलेला असतो, त्यामुळे ती हवा शहरावरच बसून राहते. काही वर्षी तर दिल्ली सरकारला शाळा बंद ठेवाव्या लागल्या आहेत. जिथे तिथल्या मुलांना घरात बसवतात, तिथे आपण आपली मुलं दिवसभर उघड्यावर फिरवायला का न्यावीत? घरात कुणाला बालदमा असेल तर दिवाळीची दिल्ली सरळ रद्दच करा. नाताळच्या सुट्टीत धुकं असतं. उत्तरेकडच्या गाड्या तासन्‌तास उशिरा पोचतात आणि पाचातला एक दिवस फलाटावर जातो. जानेवारीच्या उत्तरार्धात प्रजासत्ताक दिनाच्या तयारीमुळे कर्तव्यपथावरचे रस्ते अडवलेले असतात आणि लाल किल्लाही काही दिवस बंद ठेवतात.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा किंवा मार्चचा पहिला आठवडा घ्या. पहिली-चौथीच्या मुलांचे तीन-चार दिवस बुडले तर काही बिघडत नाही. वर्गशिक्षिकांना आधी सांगून ठेवा. सकाळी १०-१२ अंश आणि दुपारी पंचविशीच्या आसपास, म्हणजे नाशिककरांना ओळखीचीच हवा. जाडजूड कोट नकोत. पातळ स्वेटरवर एक जाकीट असलं की दुपारी काढता येतं. हवा तेव्हाही फार स्वच्छ नसते, म्हणून मुलांच्या मापाचे चांगले मास्क जवळ असू द्या आणि रोज सकाळी फोनवर हवेचा निर्देशांक बघा. याच दिवसांत राष्ट्रपती भवनातलं अमृत उद्यान लोकांसाठी उघडतं, हा मोठा फायदा.

आता वार. ही गोष्ट लोक हमखास विसरतात. सोमवारी दिल्ली अर्धी बंद असते: लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय, रेल्वे संग्रहालय, प्रधानमंत्री संग्रहालय, अक्षरधाम, लोटस टेंपल, अमृत उद्यान, सगळं. शुक्रवारी प्राणिसंग्रहालय बंद, आणि आग्र्याचा ताजमहालही बंद. म्हणजे सोमवार हा आग्र्याचा दिवस. त्या दिवशी दिल्लीत काही गमावत नाही आणि ताजला शनिवार-रविवारची झुंबडही टळते. त्यामुळे गुरुवारी सकाळी दिल्लीत उतरा, गुरुवार ते रविवार दिल्ली करा आणि सोमवारी आग्रा.

आग्र्याबद्दल आणखी एक. बहुतेक जण दिल्लीहून पहाटे टॅक्सीनं आग्र्याला जातात आणि रात्री परत दिल्लीला येतात. जाऊन-येऊन सात-आठ तास गाडीत, मुलं ओकतात, आजींचे पाय सुजतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घरचा प्रवास. तुम्हाला याची गरजच नाही. तुमचा मध्य रेल्वेचा मार्ग भोपाळ, झांशी, ग्वाल्हेर, आग्रा असाच दिल्लीला जातो. मग परतीचं तिकीट दिल्लीहून न काढता आग्रा कँटहून नाशिक रोडचं काढा. सोमवारी सकाळी हजरत निजामुद्दीनहून गतिमान एक्सप्रेस पकडलीत तर पावणेदोन तासांत आग्रा. सामान आग्रा कँटच्या क्लोकरूममध्ये ठेवायचं, म्हणून बॅगांना कुलूप असायलाच हवं. दिवसभरासाठी एक टॅक्सी ठरवा आणि संध्याकाळी तिथूनच घरची गाडी. सीएसएमटी-निजामुद्दीन राजधानीचा मार्ग नाशिक रोडवरूनच आहे. कुठली गाडी आग्रा कँटला किती वाजता थांबते ते आरक्षणाच्या वेळी नीट बघा. मुंबई सेंट्रलहून सुटणारी राजधानी मात्र बडोदा-कोटा मार्गे जाते, ती या बेतात बसत नाही.

राहण्यासाठी लोक करोलबाग किंवा पहाडगंज घेतात. पहाडगंज स्टेशनला खेटून आहे आणि स्वस्तही आहे, पण लहान मुलं आणि म्हातारं माणूस बरोबर असताना तिथल्या गल्ल्या, रिक्षांची गर्दी आणि रात्रीचा गोंगाट नको वाटतो. मी कुटुंबांना लाजपतनगर किंवा जंगपुरा सुचवते, आणि त्याचं कारण मेट्रो आहे. मेट्रोची जांभळी लाइन बघा: लाल किला, जामा मस्जिद, दिल्ली गेट, जनपथ, सेंट्रल सेक्रेटरिएट, खान मार्केट, जंगपुरा, लाजपतनगर, पुढे कालकाजी मंदिर. तुम्हाला बघायचं आहे त्यातलं बरंच काही या एका लाइनीवर येतं. लाजपतनगरला तिला गुलाबी लाइन मिळते, आणि तीच तुम्हाला निजामुद्दीन स्टेशनपाशी सोडते. पाच जण असल्यामुळे एका ऑटोत मावत नाही, तेव्हा मेट्रोजवळचं हॉटेल घेतलंत तर रोजचा वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात. ठरवताना 'मेट्रोपासून पाच मिनिटं' या शब्दांवर न जाता नकाशावर अंतर बघा, लिफ्ट आहे का विचारा, आणि सकाळी दहाच्या सुमारास पोचल्यावर खोली मिळेल का हे फोनवर पक्कं करा. रात्रभराच्या प्रवासानंतर मुलांना लॉबीत दुपारपर्यंत बसवणं म्हणजे सहलीची सुरुवातच रडारडीनं करणं.

मेट्रोत तीन फुटांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. तुमच्या पाच वर्षांच्या मुलीची उंची त्याहून जास्तच असणार, तेव्हा तिचं तिकीट काढा. तपासणीची रांग बायकांची वेगळी आणि पुरुषांची वेगळी असते. आधी एक मोठं माणूस पलीकडे जाऊन उभं राहावं, मग मुलं सोडावीत आणि शेवटी दुसऱ्या मोठ्या माणसानं यावं. मुलं हरवण्याची खरी जागा म्हणजे ही तपासणी आणि गाडीचं दार. दोघांच्याही खिशात नाव, तुमचा फोन नंबर आणि हॉटेलचं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवा. 'मी गाडीत चढले आणि आई राहिली तर पुढच्या स्टेशनला उतरून तिथेच उभी राहीन' हे वाक्य मुलीकडून घरीच पाठ करून घ्या. मुलाला दिशा, लाइनी, स्टेशनं कळायला लागली आहेत, त्याच्या हातात मेट्रोचा नकाशा द्या आणि कुठे बदलायचं ते त्यालाच सांगायला लावा. सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ मेट्रो टाळा.

आता यादीबद्दल. वीस ठिकाणं पाच दिवसांत होतात, नाही असं नाही. बसवाले दोन दिवसांत करून दाखवतात. पण मुलांच्या लक्षात त्यातलं बसचं पार्किंग राहतं. माझा नियम असा: सकाळी एक मोठी जागा, दुपारी जेवण आणि झोप, संध्याकाळी एक मोकळी जागा जिथे पळता येईल. दुपारची दोन तासांची विश्रांती आजी आणि धाकटी यांच्यासाठी आहे, आणि तुमच्यासाठीही. यादी छाटायला यजमान तयार होणार नाहीत, म्हणून मी काय काढलं आणि का, ते सांगते.

लोटस टेंपल मी काढलं. आत पूर्ण शांतता पाळायची असते आणि बाहेर रांग मोठी असते. पाच वर्षांच्या मुलीकडून दोन्ही अपेक्षा करणं तिच्यावर अन्याय आहे. कुतुबमिनार काढला, याचं अनेकांना आश्चर्य वाटेल. मिनार भव्य आहे, पण आत चढता येत नाही. १९८१ च्या चेंगराचेंगरीनंतर जिना बंदच आहे. लोहस्तंभाभोवती कुंपण आहे. मुलं वर बघतात, 'किती उंच!' म्हणतात आणि दहा मिनिटांत निघूया म्हणतात. मुलाला धातू, विज्ञान यांचं वेड असेल आणि गुप्त घराण्यातल्या दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या काळातला गंज न चढलेला खांब बघायचाच असेल तर शुक्रवारी अगदी सकाळी, उघडताना, जाऊन या. अक्षरधामचा निर्णय आजींवर सोडते. तिथे मोबाइल, बॅगा सगळं बाहेर जमा करावं लागतं, रांगा मोठ्या असतात आणि अर्धा दिवस सहज जातो, पण भाविक माणसाला तिथे फार समाधान मिळतं. त्यांची इच्छा असेल तर शुक्रवारची दुपार-संध्याकाळ त्यालाच द्या, त्या दिवशीचं बाकी सगळं सोडा.

गुरुवारी उतरल्यावर आंघोळ, जेवण, झोप. तीनच्या सुमारास हुमायूनची कबर आणि तिला लागूनच असलेली 'सुंदर नर्सरी' नावाची मोठी बाग. हुमायूनच्या बेगमनं बांधून घेतलेली ही कबर १५७० च्या सुमारास पुरी झाली. चार भागांत आखलेल्या बागेच्या, म्हणजे चारबागेच्या, मधोमध उभी अशी भव्य कबर आपल्याकडे प्रथम इथे बांधली गेली आणि पुढे ताजमहालात हीच मांडणी आली. मुलाला इथे एक काम द्या: 'सोमवारी ताज बघू तेव्हा दोन्हींत काय सारखं आहे ते मला सांग.' घुमट, चौथरा, पाण्याचे पाट त्याला आपोआप दिसायला लागतील. आजींना मोठ्या चौथऱ्यावर चढवू नका, पायऱ्या उंच आहेत. बागेत बसूनही सगळं दिसतं. तिथून सुंदर नर्सरीत जा. फेब्रुवारीत फुलं असतात, हिरवळीवर चटई टाकून बसता येतं, आतमध्ये खायलाही मिळतं. रात्रभर डब्यात कोंडलेल्या मुलांना पहिल्या दिवशी हेच हवं असतं.

शुक्रवारी सकाळी चाणक्यपुरीतलं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय. माझ्या अनुभवात दिल्लीतली मुलांची सगळ्यात लाडकी जागा हीच, आणि अनेकांच्या यादीत ती नसते.  पतियाळा संस्थानाची १९०७ ची मोनोरेल इथे आहे, जिचं एक चाक रुळावर आणि तोल सांभाळायला दुसरं रस्त्यावर चालायचं. मुंबई-पुणे आणि कसाऱ्याच्या घाटांत मालगाड्या ओढणारं, लांब नाकाडांचं 'खेकडा' इंजिन आहे. ते दाखवताना मुलांना सांगा की नाशिकहून मुंबईला जाताना आपण जो घाट उतरतो, तिथलं हे इंजिन. छोट्या गाडीतून संग्रहालयाची फेरी मारता येते; तिचं तिकीट वेगळं असतं आणि रांग वाढत जाते, म्हणून आत गेल्या गेल्या आधी तेच काढा. लाजपतनगरहून गुलाबी लाइननं मोतीबाग आणि तिथून ऑटो. याच लाइनीवर भिकाजी कामा प्लेस नावाचं स्टेशन लागतं. १९०७ साली जर्मनीत श्टुटगार्टला हिंदुस्थानचा झेंडा फडकवणाऱ्या या मुंबईच्या बाई, हे स्टेशन येईपर्यंत मुलांना सांगून होतं.

शुक्रवारी संध्याकाळी, अक्षरधामला जाणार नसाल तर, बंगला साहिब गुरुद्वारा. तुम्ही विचारलंत ना, मुलं कंटाळू नयेत म्हणून काय करायचं? खेळणी, आइस्क्रीम यांचा उपयोग घडीभराचा. माझा खरा उपाय म्हणजे मुलांना मुलांच्या गोष्टी सांगणं. शहाजहान कोण होता यात पाच वर्षांच्या मुलीला काडीचा रस नसतो. पण आठवे गुरू हरकिशन हे गादीवर आले तेव्हा तिच्याच वयाचे, पाच वर्षांचे होते, हे ऐकलं की ती थांबते. १६६४ साली ते या जागी मिर्झाराजे जयसिंगांच्या हवेलीत उतरले होते. दिल्लीत देवीची साथ होती, आजाऱ्यांची सेवा करताना त्यांनाही आजार झाला आणि आठ वर्षंही पुरी व्हायच्या आत ते गेले. ही गोष्ट सरोवराच्या काठावर बसून सांगा. मग सगळ्यांनी पंगतीत बसून लंगर जेवा. मुलांना चालू असलेलं पोळ्यांचं काम बघायला आवडतं, आणि रांगेत कुणीही कुणाच्याही शेजारी बसतो हे न सांगता कळतं. डोकं झाकायला रुमाल न्या, नसले तर तिथे मिळतात. नांदेडचं हुजूर साहिब बघितलं असेल तर मुलांना ओळखीचं वाटेल. जमिनीवर बसणं आजींना जमणार नसेल तर तिथल्या सेवकांना सांगा, ते सोय करतात.

शनिवार राष्ट्रपती भवनाचा. शनिवारी सकाळी रक्षक-बदलाचा सोहळा असतो: घोडदळ, बँड, उंच जवान. दोन्ही मुलांना तो खिळवून ठेवतो. त्याची आणि अमृत उद्यानाची नोंदणी राष्ट्रपती भवनाच्या संकेतस्थळावरच करायची आणि मुलांसकट सगळ्यांची आधारकार्डं बरोबर ठेवायची. भवनाच्या आतली फेरी मी या वयाच्या मुलांना सुचवत नाही. काही वर्षांनी नक्की करा. उद्यानात चालणं बरंच होतं, आजींसाठी खुर्चीची सोय प्रवेशद्वारावरच विचारून घ्या. दुपारी विश्रांती आणि ऊन उतरल्यावर इंडिया गेट. १९३१ साली पुरं झालेलं हे ४२ मीटर उंचीचं स्मारक सगळे बघतात आणि फोटो काढून निघतात. खरी जागा त्याच्या मागे आहे. २०१९ साली उघडलेल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात विटेविटेवर जवानांची नावं आहेत. शेजारच्या परमयोद्धा स्थळावर परमवीरचक्र मिळालेल्यांचे अर्धपुतळे आहेत. त्यांत रामा राघोबा राणे शोधायला मुलाला सांगा. लष्कराच्या बॉम्बे सॅपर्स या अभियंता दलातल्या या अधिकाऱ्यानं १९४८ मध्ये राजौरीच्या वाटेवर गोळीबारात सुरुंग काढून रणगाड्यांना रस्ता करून दिला. सूर्यास्ताच्या सुमारास तिथे मानवंदना होते, त्यासाठी थांबा. फुगेवाले, चमकणारी खेळणीवाले बाहेर मागे लागतील. मुलांशी 'एकच वस्तू, पन्नास रुपयांपर्यंत' असा करार आधीच करून ठेवा.

रविवारी सकाळी लाल किल्ला. उघडायच्या वेळी दारात असा, कारण अकरानंतर रविवारची गर्दी लोटते. पंधरा वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तिकीट नाही, तुम्ही तिघांनी आपलं ऑनलाइन काढा म्हणजे एक रांग वाचेल. लाहोरी दरवाजातून छत्ता बाजारात शिरलात की मुलं दुकानांत अडकतात. 'येताना घेऊ' म्हणून पुढे चला. दिवाण-ए-खाससमोर मात्र निवांत बसा. मराठी घरानं लाल किल्ल्यात येऊन इथे थांबलं नाही तर काय बघितलं! मयूर सिंहासन इथे होतं, ते १७३९ मध्ये नादिरशहानं नेलं. छताला चांदीचा पत्रा होता. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेच्या खर्चाला पैसा उरला नव्हता. त्यांनी तो पत्रा उतरवून वितळवला आणि त्याची नाणी पाडली. पुढे काही महिन्यांत पानिपत झालं. मुलाला वर बघायला सांगा आणि विचारा, तू भाऊंच्या जागी असतास तर काय केलं असतंस? याच किल्ल्यात १९४५ मध्ये आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला. नेताजींवरचं संग्रहालय आत आहे, तेवढंच एक संग्रहालय करा, बाकीची सोडा. आणि प्रश्नमंजूषेला उपयोगी पडेल अशी गोष्ट: नेहरूंनी लाल किल्ल्यावर झेंडा फडकवला तो १६ ऑगस्ट १९४७ ला, पंधराला नाही.

किल्ल्यातून बाहेर पडून चांदनी चौकात सायकल रिक्षा घ्या. दिवसा मुख्य रस्त्यावर मोटारगाड्यांना बंदी आहे, त्यामुळे पूर्वीइतकी घुसमट होत नाही. रविवारी बरीच दुकानं बंद असतात, पण मुलांबरोबर जाणाऱ्यांना ते बरंच. भाडं बसण्याआधी ठरवा आणि 'सगळ्यांचे मिळून' असं स्पष्ट म्हणा. पराठेवाली गल्लीतले पराठे तळलेले असतात, तव्यावरचे नव्हेत. एक मागवून वाटून खा. मग दिल्ली गेट मेट्रोपाशी महिला हाट इथे भरणारा रविवारचा पुस्तकबाजार. पूर्वी तो दरियागंजच्या पदपथावर भरायचा. वाचणाऱ्या मुलाला तिथे तासभर सोडा, दोनशे रुपये द्या आणि निवड त्याचीच असू द्या. तोवर आजी आणि धाकटी खोलीवर झोपलेल्या बऱ्या. संध्याकाळी शक्ती उरली तर अलीपूर रोडवरचं डॉ. आंबेडकर राष्ट्रीय स्मारक. बाबासाहेबांचं ६ डिसेंबर १९५६ ला निधन झालं ती ही जागा. संविधानाच्या उघड्या पुस्तकासारखी इमारत मुलांना लांबूनच ओळखू येते.

सोमवार, आग्रा. आधी किल्ला, मग ताज. बऱ्याच मराठी घरांत असा समज असतो की शिवाजी महाराज औरंगजेबाच्या दरबारात गेले तो दिल्लीचा लाल किल्ला. तो आग्र्याचा किल्ला, आणि तारीख १२ मे १६६६. त्या दिवशी महाराजांबरोबर शंभूराजे होते, नऊ वर्षं पुरी व्हायला दोन दिवस कमी. म्हणजे तुमच्या मुलाच्याच वयाचे. एवढं सांगितलं की तुम्हाला बाकी काही करावं लागत नाही. तो दिवाण-ए-खासच्या कोपऱ्यात उभा राहून कोण कुठे उभं असेल याचा हिशोब स्वतःच मांडतो. वाटाडे कधीकधी किल्ल्यातलीच एखादी खोली दाखवून 'इथे कैद होती' म्हणतात. ते खरं नाही. महाराज शहरात, मिर्झाराजे जयसिंगांचे पुत्र रामसिंग यांच्या तळाजवळ पहाऱ्यात होते आणि १७ ऑगस्टला तिथूनच निसटले. अमरसिंह दरवाजासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, तिथे आधी जा. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीचा सोहळा अलीकडे किल्ल्यात होतो. तो बघायचा असेल तर तशी तारीख धरा, शांतपणे किल्ला बघायचा असेल तर टाळा.

ताजला दुपारी दोनच्या पुढे. वाहनं लांब थांबवतात, तिथून बॅटरीची गाडी मिळते. खाण्याचे पदार्थ आत नेता येत नाहीत, म्हणून मुलांना पोटभर खाऊ घालूनच न्या. मुख्य कबरीत जायचं तिकीट वेगळं, दोनशे रुपयांचं आहे, पंधराच्या आतल्यांना माफ. आजी खाली बागेत बसणार असतील तर त्यांचं ते काढू नका. घाई केली नाही तर साडेचार-पाचपर्यंत बाहेर पडून स्टेशन सहज गाठता येतं.

खाण्याबद्दल थोडं. दिल्लीत सकाळी छोले-भटुरे खाल्ले की मुलं दुपारपर्यंत पेंगतात. दही-आलू पराठा, राजमा-चावल, कढी-चावल हे मुलांना मानवतं आणि कुठेही मिळतं. आजींना भाजी-भाकरीची आठवण झाली तर कोपर्निकस मार्ग आणि कस्तुरबा गांधी मार्ग इथली दोन्ही महाराष्ट्र सदनं आहेत. फोन करून जेवणाची वेळ विचारा. रस्त्यावरचं पाणी, बर्फाचा गोळा, कापून ठेवलेली फळं या पाच दिवसांत नकोत. नवी दिल्ली स्टेशन आणि कॅनॉट प्लेसच्या आसपास 'आज ते बंद आहे, मी दुसरीकडे नेतो' किंवा 'सरकारी पर्यटन कार्यालय इकडे' म्हणणारी माणसं भेटतात. 'नको' म्हणून चालत राहा. उभं राहून बोलणं सुरू केलं की सुटका अवघड होते.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा पहिलं काम तिकिटांचं: जाताना नाशिक रोड ते निजामुद्दीन, येताना आग्रा कँट ते नाशिक रोड, आणि मधलं गतिमानचं. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांना बर्थ नको असेल तर अर्धं भाडं, बर्थ हवा असेल तर पूर्ण. रात्रभराच्या प्रवासात मुलाचा बर्थ घ्याच, मुलीला तुमच्याजवळ झोपवता येईल. आजींचं वय अर्जात नीट भरा म्हणजे खालचा बर्थ मिळण्याची शक्यता वाढते. त्यानंतर हॉटेल. अमृत उद्यानाच्या तारखा साधारण जानेवारीच्या शेवटी जाहीर होतात. त्या आल्या की त्याच दिवशी शनिवारची वेळ नोंदवून टाका, शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात. ती नाहीच मिळाली तर शनिवार सकाळ पुराना किल्ल्याशेजारच्या प्राणिसंग्रहालयाला द्या, शनिवारी ते उघडं असतं आणि तुमच्या मुलीची त्याबद्दल काही तक्रार असणार नाही.